छोटेला कुठे ठेवायचे?

अम्मी शेवटचे सहा महिने अंथरुणावर होती. त्या काळात तिने आम्हाला दागिन्यांबद्दल विचारले नाही, घराबद्दल विचारले नाही. एकच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारायची, "मेरे बाद छोटे का क्या?" आणि आम्ही तिघे, भाईजान, आपा आणि धाकटी, दर वेळी एकच उत्तर द्यायचो, "हम हैं ना, अम्मी." मग ती गप्प व्हायची. तेव्हा वाटायचे, तिचे समाधान झाले. आता वाटते, आमच्या उत्तरात काहीच नाही हे तिला कळत होते.

छोटे आमचा भाऊ. वय ४३. दोघा भावांत लहान म्हणून छोटे, आणि केस पांढरे व्हायला लागले तरी छोटेच. डॉक्टरांच्या दाखल्यावर मतिमंदत्व, मध्यम स्वरूपाचे, असे लिहिलेले आहे. दाखला अकोल्याचा आहे, कारण १९९८ पर्यंत आमचा तालुका अकोला जिल्ह्यातच होता. त्याला घड्याळ कळत नाही. नोटा ओळखतो, पण हिशेब येत नाही. अंघोळ कर, नखे काप, हे सांगावे लागते. ज्याला समज कमी त्याच्यावर रोजा-नमाजची सक्ती नाही हे आम्हाला लहानपणापासून माहीत होते, पण छोटेने फजरची अजान कधी चुकवली नाही. मंगरूळपीरच्या आमच्या घरात तो सगळ्यांच्या आधी उठायचा, अम्मीचा बधना पाण्याने भरून ठेवायचा, बेकरीतून पाव आणायचा आणि अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानात जाऊन बटणे रंगांप्रमाणे डब्यांत लावायचा. रस्त्यात भेटेल त्याला सलाम. समोरचे किराणावाले काकाही हात उचलून म्हणायचे, "वालेकुम सलाम, छोटेमियाँ." संध्याकाळी स्टँडवर कारंज्याची एसटी लागली की तो घरी परत यायचा. तेच त्याचे घड्याळ.

अब्बा गेले, दुकान भाड्याने दिले, तरी बटणांचे डबे अम्मीने घरी आणून ठेवले होते. ते का आणले, हे आम्हाला फार उशिरा कळले.

अम्मीचा चाळिसावा झाला आणि आम्ही पाळी लावली. चार महिने भाईजानकडे मंगरूळपीरला, चार महिने आपाकडे कारंज्याला, चार महिने धाकटीकडे अकोल्याला. कागदावर सगळे बरोबर होते. कोणावर जास्त ओझे नाही, कोणाला बोलायला जागा नाही. पण छोटेचे काय झाले? दर चार महिन्यांनी त्याची बेकरी गेली, त्याची एसटी गेली, सलामाला उत्तर देणारी माणसे गेली. अकोल्यातल्या तिसऱ्या मजल्यावर तो दिवसभर खिडकीत उभा राहायचा. चाळीस वर्षांत जे झाले नव्हते ते व्हायला लागले. अंथरूण ओले होऊ लागले. आमच्यात त्यावरून बोलाचाली झाल्या. कोणी कोणाला काय म्हटले ते इथे लिहीत नाही, पण चांगले शब्द नव्हते.

मग तो दिवस आला. वाशीमला नात्यात लग्न होते. आम्ही सगळे तिथे जमलो होतो. छोटेला अकोल्यातच घरी ठेवले, कारण लग्नघरात त्याच्याकडे कोण पाहणार? धाकटीने ताट वाढून झाकून ठेवले, पाणी ठेवले, बाहेरून कुलूप लावले. परत यायला रात्रीचे अकरा वाजले. दार उघडले तर घरात अंधार. छोटे दाराजवळ जमिनीवर बसलेला. ताट जसेच्या तसे झाकलेले. सकाळपासून तो जेवला नव्हता. त्याला कोणी "खा" म्हटले नव्हते.

त्या रात्री धाकटीने आम्हा दोघांना फोन केला आणि बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी आम्ही तिघांनी एकमेकांना ते सांगितले जे वर्षभर कोणी सांगत नव्हते, की आमच्याने होत नाही.

आमच्यासारख्या घरांत हे वाक्य उच्चारणे सोपे नाही. आईबापांना आणि अशा भावाला घराबाहेर ठेवणारे ते दुसरे, आपण नाही, असे आपण मानतो. "घर में चार रोटियाँ बनती हैं, एक और सही," असे सगळे म्हणतात. पण प्रश्न रोटीचा नव्हता. रोटी ताटात झाकून ठेवलेली होतीच.

शोध सुरू केला तेव्हा पहिली अडचण कळली. मतिमंद मुलांच्या शाळा सापडत होत्या, बालगृहे सापडत होती, पण ती अठरा वर्षांपर्यंतची. जणू अठरा पूर्ण झाले की समज येते. २०११ च्या जनगणनेत देशात मतिमंद म्हणून नोंदलेली माणसे सुमारे १५ लाख होती. त्यांतली मुले मोठी होणार, त्यांचे आईबाप म्हातारे होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तरी मोठ्या वयाच्या माणसासाठी राहण्याची जागा शोधायची तर जिल्हे पालथे घालावे लागतात.

हाच प्रश्न आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातून एक माणूस वर्षानुवर्षे विचारत आला आहे. परतवाड्याजवळ वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस सापडलेल्या मतिमंद, मूकबधिर, अंध लेकरांना वाढवले. शंभराहून अधिक मुलांच्या कागदांवर वडिलांच्या जागी त्यांचे नाव लागले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मागणी साधी आहे. बेवारस दिव्यांग मुलांना अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून बालगृहातून काढू नका, तसा कायदा करा. बाहेर काढले तर ती जातील कुठे? आमच्या छोटेला तिथे नेण्याचा प्रश्न नव्हता. ती जागा ज्यांचे कोणी नाही त्यांची. छोटेला तर आम्ही होतो. ही गोष्ट आम्हाला अभिमानाची वाटावी की शरमेची, ते कळेना.

अखेर दुसऱ्या एका जिल्ह्यात एक वसतिगृह मिळाले. नाव लिहीत नाही. नवी इमारत, पांढऱ्या फरश्या, दर्शनी भिंतीवर पाहुण्यांसोबतचे फोटो. अनामत रक्कम, महिन्याची फी, दोन फोटो, आधार कार्ड. अर्ध्या तासात सगळे आटोपले. महिन्यातून एका रविवारी भेट. पहिला महिना "सवय होऊ द्या" म्हणून भेटू दिले नाही. मंगरूळपीरला शेजारच्या आजीने विचारले, "बाप्पा, छोटेले कुठी ठेवून आले?" मराठीत आपण वस्तू ठेवतो, पैसे ठेवतो. आजीने सहज म्हटले असेल, पण ते आमच्या मनाला लागले.

दुसऱ्या महिन्यात भेटायला गेलो. छोटेचे केस बारीक कापलेले. अंगावर दुसऱ्याचा शर्ट, कारण कपडे एकत्र धुतात आणि हाताला येईल ते घालतात. मनगटावर निळा डाग. विचारले तर "पडला असेल" एवढेच उत्तर. पण आम्हाला घाबरवले ते याने नाही. छोटेने सलाम केला नाही. ज्याने चाळीस वर्षे ओळखीच्या-अनोळखीच्या कोणालाच सोडले नाही, तो आमच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसला होता. पाणी हवे होते तर त्याने आधी दाराकडे पाहिले. आतून एकाने हाक मारली, "बारा नंबर, उठ." आणि तो उठला.

रात्री गोळी देतात, हेही तेव्हाच कळले. कसली, कोणत्या डॉक्टरने लिहून दिली, कागद कुठे आहे, याचे उत्तर नव्हते. "शांत राहतात," असे सांगितले. त्याच दिवशी आम्ही छोटेला घेऊन निघालो. अनामत परत मिळाली नाही.

इथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. आमचा भाऊ आम्ही परत आणला, पण त्या हॉलमध्ये आणखी तीसेक माणसे बसलेली होती. त्यांच्याबद्दल आम्ही पाच महिने कोणालाही एक ओळ लिहिली नाही. आपणच त्याला तिथे नेले, आता कोणत्या तोंडाने बोलायचे, असे वाटत होते. नंतर लेखी तक्रार दिली. ती पहिल्या दिवशीच द्यायला हवी होती.

छोटेला परत आणल्यावर आम्ही वाचायला लागलो, विचारायला लागलो. कळले की हे आमच्या एकट्याचे नशीब नव्हते. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण काय, तर पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना घडी कशी घ्यायची, ती कशी बदलायची, हे प्रेमाने, पुन्हा पुन्हा शिकवायला बसले होते का कोणी? ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कवडास इथल्या संस्थेत मतिमंद मुलांचे उपासमारीने मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि अशा संस्थांच्या पाहणीसाठी समिती नेमली. तिथे तर पोटभर अन्नाचीही खात्री नव्हती.

गरिबीमुळे असे होते म्हणावे, तर इंग्लंडचे उदाहरण आहे. ब्रिस्टल शहराजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे खासगी रुग्णालय होते. मोठ्या वयाच्या मतिमंद माणसांना तिथे सरकारी खर्चाने ठेवले जाई, आणि एका माणसामागे आठवड्याला हजारो पौंड खर्च होत. २०११ मध्ये बीबीसीने लपवलेल्या कॅमेऱ्याने दाखवले की तिथले कर्मचारी त्यांना मारत होते, छळत होते. ११ कर्मचाऱ्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. तिथल्याच एका परिचारकाने आधी तक्रार केली होती, पण ती कोणी ऐकली नव्हती. म्हणजे पैसा भरपूर होता, इमारत होती, तपासणीही होती. तरी माणसाशी माणसासारखे कोणी बोलत नव्हते.

आपल्या वस्त्यांमध्ये आणखी एक गोंधळ आहे. वेड लागणे आणि समज कमी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मनोरुग्णाला आजार असतो, औषधाने तो बरा होऊ शकतो. छोटेसारख्याची वाढच हळू झालेली असते. त्याला गोळीची नाही, शिकवण्याची आणि सोबतीची गरज असते. छोटे सात वर्षांचा असताना अब्बा त्याला लांबच्या एका दर्ग्यावर घेऊन गेले होते. तिथे पायात साखळी असलेली माणसे पाहून अब्बा त्याच एसटीने परत आले. "मेरा बच्चा पागल नहीं, धीमा है," एवढेच ते म्हणाले. पुढे ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आसऱ्याला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, तेव्हा वर्तमानपत्र हातात घेऊन अब्बा बराच वेळ बसले होते. आजारी असो की धीमा, माणसाला बांधून ठेवणे हा इलाज नव्हे. आणि हे आपल्याला नवे नाही. १३५४ मध्ये हलब शहरात, ज्याला आज अलेप्पो म्हणतात, अर्गून नावाचा दवाखाना बांधला गेला. तिथे मनोरुग्णांच्या खोल्या अंगणाभोवती होत्या आणि अंगणात कारंजे होते. पाण्याचा आवाज कानावर पडावा म्हणून. साडेसहाशे वर्षांपूर्वी ज्यांना हे सुचले, त्यांचे नाव घेणाऱ्या आपण साखळीवर समाधान मानावे का?

एका जुम्याला भाईजान सूरह निसाचा तर्जुमा वाचत होते. सुरुवातीच्या आयतींतच, यतीमांच्या मालाच्या चर्चेत, ज्यांना समज कमी आहे त्यांच्याबद्दल हुकूम आहे. त्याचा मतलब आमच्या शब्दांत असा. माल त्यांच्या हाती सोपवून मोकळे होऊ नका, त्यातून त्यांना खाऊ घाला, कपडे द्या, आणि त्यांच्याशी भलेपणाने बोला. आम्ही तिघे त्या ओळींवर अडकलो. तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिल्या दोन त्या वसतिगृहात होत्या. पहिल्या दोन अकोल्याच्या फ्लॅटमध्येही होत्या. तिसरी कुठेच नव्हती. ताट होते, पण "खा, छोटे" म्हणणारे कोणी नव्हते. शर्ट होता, पण नाव नव्हते, नंबर होता.

त्या दिवसापासून आमचा प्रश्न बदलला. घर की संस्था, हा वाद आम्ही सोडून दिला. जिथे तिसरी गोष्ट आहे ते घर, जिथे नाही ते गोदाम, मग ते आपले स्वतःचे का असेना.

आयतीतला मालाचा भागही आम्ही लक्षात घेतला. अब्बांच्या मिळकतीत छोटेचा हिस्सा भाईजानइतकाच आहे. समज कमी म्हणून हिस्सा कमी होत नाही. पण पाळीच्या वर्षात हा हिस्सा कोणालाच आठवला नव्हता. छोटे म्हणजे खर्च, एवढेच डोक्यात होते. आता दुकानाच्या भाड्यातला त्याचा वाटा वेगळ्या खात्यात जातो आणि त्याची फी त्यातून भरली जाते. कमी पडते ते आम्ही घालतो. तो कोणाच्या मेहरबानीवर नाही.

दुसरी जागा शोधताना आम्ही इमारत पाहणे सोडले. एका लहान ठिकाणी गेलो. तिथे बारा जण राहतात. जुने कौलारू घर, अंगणात कढीपत्ता. तिथल्या ताईंनी फीची गोष्ट काढलीच नाही. दोन तास त्या आम्हालाच विचारत होत्या. त्याला काय आवडते? अंधाराची भीती वाटते का? रागावला की काय करतो? कोणाला आठवून रडतो? पूर्वी दिवसभर काय काम करायचा? तो काय खात नाही? आम्हाला लाज वाटली, कारण निम्म्या प्रश्नांची उत्तरे आम्हाला ठाऊक नव्हती. ती अम्मीला ठाऊक होती. शेवटी त्या म्हणाल्या, "बटणांचे डबे आहेत ना अजून? ते घेऊन या." आम्ही एकमेकांकडे पाहिले. अम्मीने ते डबे का सांभाळले, ते तिथे उमगले.

छोटे तिथे दीड वर्ष राहतो आहे. सगळे गोड झाले असे सांगणार नाही. आम्ही निघालो की तो अजूनही फाटकापर्यंत येतो आणि रडतो. तिसऱ्या महिन्यात न्हाणीघरात पडला, हनुवटीला टाके पडले. पण त्याच संध्याकाळी फोन आला. कसा पडला, कोण ड्यूटीवर होते, कोणत्या डॉक्टरकडे नेले, सगळे खरे सांगितले. "आमची चूक झाली, फरशी ओली होती," असेही सांगितले. ती चूक ऐकून आमचा विश्वास वाढला, कमी झाला नाही. आता सकाळचे चहाचे कप गोळा करणे हे त्याचे काम आहे. जुम्याला तिथले एक दादा, ते मराठा आहेत, छोटेला मशिदीपर्यंत घेऊन जातात आणि त्याच्या चपला सांभाळत बाहेर बाकावर बसतात. रमजानमध्ये मगरिबच्या वेळी ताई त्याच्यासमोर तीन खजूर ठेवतात. तो रोजा धरत नाही, पण अजान होईपर्यंत खजुराला हात लावत नाही. आणि तो पुन्हा सलाम करायला लागला आहे. पोस्टमनला, दूधवाल्याला, रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही.

ज्यांच्या घरी असा भाऊ, अशी बहीण, अशी लेक आहे, त्यांच्यासाठी आम्ही ठेचा खाऊन शिकलेल्या गोष्टी इथे सांगतो.

जागा पाहायला जाल तेव्हा ते तुम्हाला किती प्रश्न विचारतात ते मोजा. जे फक्त फीचे विचारतात, त्यांना तुमचा माणूस नको, फी हवी आहे. न सांगता, संध्याकाळच्या वेळी जा. सकाळी सगळीच घरे आवरलेली असतात. राहणाऱ्यांना नावाने हाक मारतात का, ते कान देऊन ऐका. त्यांचे कपडे त्यांचेच आहेत का, बघा. दिवसभर काय काम, काय खेळ, ते विचारा. नुसते बसवून ठेवणे म्हणजे देखभाल नव्हे. कोणती गोळी, कोणत्या डॉक्टरची, त्याचा कागद मागा. बायका-मुलींच्या खोल्यांवर रात्री बाईमाणूस असते का, हे स्पष्ट विचारा. यात संकोच करू नका. आणि भेटीवर बंदी असेल तर त्याच पावली परत फिरा.

कागदांचेही ऐका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे अशा संस्थेला नोंदणी लागते आणि नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावे लागते. आम्ही पहिल्या वेळी भिंतीवरचे फोटो पाहिले, प्रमाणपत्र कुठे आहे ते पाहिले नाही. छळ होतो असे वाटले तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडे तहसीलदारांना, कळवू शकतो. सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. दुसरी महत्त्वाची गोष्ट पालकत्वाची. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तरीय समिती असते. ती मतिमंद, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमते. पालकाला सहा महिन्यांत मिळकतीची यादी द्यावी लागते, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, आणि त्याने हयगय केली तर समिती त्याला काढू शकते. आम्ही वाशीमला अर्ज केला आणि भाईजान पालक झाले. हिशेबाचे बंधन आहे म्हणून आम्हा भावंडांत संशयाला जागा राहिली नाही. याच न्यासाची 'निरामय' योजना आहे. तिच्यात १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. ही कामे आईबाप हयात असताना करा. मागे राहणाऱ्यांची अर्धी भांडणे तिथेच मिटतात.

आणि एक विचार जमातीपुढे ठेवावासा वाटतो. आपण यतीमखाने उभे केले, मदरसे उभे केले. छोटेसारख्या मोठ्या माणसांसाठी आमच्या भागात शोधूनही काही सापडले नाही. हे काम मोठ्या देणगीदाराची वाट पाहत थांबले पाहिजे असे नाही. डोंबिवलीजवळ खोणी इथे अमेय पालक संघटनेने 'घरकुल' उभारले. आपल्यानंतर मुलांचे काय, हा आमच्या अम्मीचाच प्रश्न पडलेले पालक तिथे एकत्र आले आणि त्यांनी आपल्या मोठ्या मुलांसाठी घर केले. पालकांचेच घर असल्यावर फाटकावर भेटीची बंदी कोण घालणार? वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, प्रत्येक गावात अशी चार-पाच घरे नक्की आहेत, हिंदूंची आणि मुसलमानांची. दारे बंद आहेत म्हणून ती दिसत नाहीत. आम्ही आमचे दार उघडले ते याचसाठी.

अम्मीच्या प्रश्नाला आज आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. ताई म्हाताऱ्या होतील, आम्हीही होऊ. छोटे आमच्यापेक्षा जास्त जगला तर पुढच्या पिढीतले त्याच्याकडे कोण जाईल, हे आम्ही नावानिशी ठरवले आहे. भाईजानच्या मुलीने ते काम मागून घेतले. ती दर महिन्याला आमच्यासोबत येते, काकाच्या शेजारी बसून बटणे लावते.

तुमच्या घरात असा प्रश्न असेल तर "हम हैं ना" म्हणून आईला गप्प करू नका. तिच्याजवळ बसा. कागद-पेन घ्या. त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते, कोणत्या शब्दाने तो शांत होतो, कोणत्या वेळी त्याला भूक लागते, सगळे लिहून घ्या. आम्ही ते केले नाही. जे अम्मीला ठाऊक होते त्यातले निम्मे तिच्यासोबत गेले.